पंख्यानं खाल्लेलं पिवळं कार्ड

खरं सांगा, तुमच्या घरी लेक बघायला पाहुणे येणार असले तर तुम्ही दुसऱ्याच्या खुर्च्या आणता का नाही? आणता. मान खाली घालू नका, सगळेच आणतात. शेजारणीची कपबशी येते, कुणाची सतरंजी येते, आणि पाहुणे गेले की सगळं बिनबोभाट जिथल्या तिथं जातं. त्यात चोरी नाही, लबाडीही नाही. पण समजा, नेमकं त्याच वेळी सरकार दारात येऊन उभं राहिलं आणि त्या खुर्च्या तुमच्या नावावर लिहून घेऊन गेलं, तर?

मंठ्याच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, हमाल रखमाजी यांच्यावर सत्त्याण्णव साली हेच गुदरलं.

त्यांची थोरली लेक बेबीनंदा. तिला बघायला वडीगोद्रीचे पुंजाराम, त्यांची बायको उषाबाई आणि चारदोन माणसं आली होती. रखमाजी ज्यांच्याकडे पोती वाहायचे त्या गिरधारीलाल शेठनं दुकानातल्या चार लोखंडी खुर्च्या दिल्या, वर टेबल पंखाही दिला. "ले जा, रखमाजी, शाम को वापस," एवढंच म्हणाला. पंखा कोनाड्यात ठेवला, बल्बच्या होल्डरमधून वायर ओढली, आणि पाहुण्यांच्या तोंडावर वारा सोडला. इतक्यात दारिद्र्यरेषेचा सर्व्हे करणारा गुरुजी वही घेऊन दारात.

"पंखा आहे का घरात?"

आता बघा, होणारे व्याही समोर बसलेले. रखमाजी काय सांगणार?

"दिसून न्हाई राह्यला का गुरुजी? फिरून राह्यला की!"

"खुर्च्या?"

"चार. मोजा."

"दोन वेळचं पोटभर मिळतं?"

"दोन? तीन येळा! आन पाहुणे आले तर चार!"

पाहुणे हसले. गुरुजीनं सगळं लिहून घेतलं, आणि खाली पंच म्हणून सही कुणाची घेतली? समोर बसलेल्या पुंजारामची. आत चुलीपुढं बसलेल्या रखमाजींच्या बायकोनं, द्वारकाबाईनं, कपाळाला हात लावला. लेकीची सोयरीक तिथंच जमली. संध्याकाळी पंखा आणि खुर्च्या शेठकडे परत गेल्या. पुढं रेशनची तिरंगी कार्डं निघाली तेव्हा गरिबाचं पिवळं कार्ड रखमाजींना मिळालं नाही, केशरी आलं. द्वारकाबाई म्हणाली, "आवो, तुमच्या पंख्यानं आपलं रेशन खाल्लं." रखमाजी म्हणाले, "पोरगी तर उजवली ना?" विषय संपला. निदान तेव्हा तसं वाटलं.

ही गोष्ट द्वारकाबाईची आहे. ती राजूरजवळच्या एका वस्तीवरची. एक्याऐंशी साली लग्न होऊन मंठ्यात आली. सासू मोंढ्यात फाटका बारदाना शिवायची. दुसऱ्याच वर्षी हिच्या हातात दाभण आणि सुतळी दिली. काम सोपं वाटतं, नाही ते. रिकामं पोतं दोन्ही हातांनी उचलून उन्हावर धरायचं. जिथून ऊन आत येतं तिथं दाभण घालायचं. दिवसाला शंभर-सव्वाशे पोती, बोटांना घट्टे, नाकात धूळ. वीस वर्षं हेच. अक्षर एक येत नाही, पण कोणतं पोतं कोणत्या गिरणीचं ते लांबून सांगते.

मोंढ्याच्या फाटकाशी बसून तिनं एक विद्या कमावली. शेतकरी माल घेऊन आला की आधी हिला विचारायचा, "बाई, तुरीला काय भाव चालू हाय?" ही म्हणायची, "भाव आडत्याला विचारू नाई, बाबा. जो माल इकून बाहेर पडून राह्यला त्याला विचारावा. आन तीन जणांनी एकच सांगितला तर तो खरा." शेठ लोक चिडायचे. गिरधारीलाल मात्र हसायचा. "द्वारकाबाई, तुम बारदाना सिवती का रेडिओ चलवती?"

"रेडिओला सेल लागतेत शेठ, मला तेबी लागत न्हाईत."

तर दोन हजार दोनचा जानेवारी. तुरीचा हंगाम, मोंढा भरलेला. आणि रखमाजींनी रचलेली पोत्यांची थप्पी वाकडी लागली.

तुम्हाला यात काही वाटणार नाही, पण मोंढ्यात सगळ्यांना वाटलं. वीस वर्षांत रखमाजींची थप्पी ओळंब्यासारखी सरळ. हमाल पोरं चेष्टा करायला लागली, "काका, सकाळच्यालाच घेऊन आलात का?" आयुष्यात बिडीपलीकडं काही न घेतलेला माणूस. द्वारकाबाईनं मात्र आठ दिवस बारीक पाहिलं. सकाळी उठलं की डोकं दाबून बसतात, ओकारी येते. डाव्या बाजूनं कुणी आलं की दचकतात. एका दुपारी ट्रकला लावलेल्या फळीवरून, पाठीवर पोतं असताना, त्यांनी फळी सोडून हवेत पाय टाकला. नशीब, खाली रिकामा बारदाना पडलेला होता.

जालन्याला तपासलं, डोक्याचे फोटो काढले. डॉक्टरनं सरळ सांगितलं. मेंदूत गाठ आहे. साधी वाटते, जीवघेण्या जातीची नाही. पण डोळ्यांच्या नसांवर बसली आहे. डावा डोळा निम्म्याहून जास्त गेला, आता उजव्याची पाळी. "होळीच्या आत काढली तर उजवा वाचेल, डावाही कदाचित सुधारेल. होळीनंतर काढली तर माणूस वाचेल, नजर वाचणार नाही." खर्चाचा आकडा ऐकून रखमाजी उठले आणि टोपी घालून बाहेर जाऊन उभे राहिले.

तिथल्या एका सिस्टरनं द्वारकाबाईला कोपऱ्यात घेतलं. सरकारची जीवनदायी म्हणून योजना आहे, मेंदूचं ऑपरेशन त्यात बसतं, पैसे सरकार दवाखान्याला देतं. "मावशी, पिवळं कार्ड आहे ना?"

"हाय की," द्वारकाबाई म्हणाली. "रंग जरा उडालाय."

खोटं बोलली? बोलली. आधी गिऱ्हाईक पक्कं करावं, मग माल मोजावा, हेही मोंढाच शिकवतो. सिस्टरनं भिंतीवरची यादी वाचून दाखवली. मेंदूच्या रकान्यात औरंगाबादचे तीन दवाखाने. बाईनं तिन्ही नावं पाठ केली आणि फोटोंचं मोठं पाकीट काखेत मारून सकाळच्या एसटीत बसली. रखमाजींना घरी ठेवलं. "तुमी तिथं मान वर करून बोलसाल आन माझं काम बिघडवसाल."

पहिल्या दवाखान्याच्या फाटकावर मोठा बोर्ड, योजनेच्या नावाचा. आत काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "ती योजना आमच्याकडं बंद झाली."

"मंग बोर्ड कामून लावला?"

"जुना बोर्ड आहे."

"जुना? मंग माझ्या बोटाला ह्यो रंग कसा लागला?"

पोरगा रजिस्टर चाळायला लागला. असल्या ओल्या रंगाच्या बोर्डांना खरं तर जोड्यानं मारायला पाहिजे, पण बाई कामावर आली होती, भांडायला नाही.

दुसऱ्या ठिकाणी गोड बोलणारी मुलगी होती. दवाखाना योजनेत आहे, अगदी आहे. पण मेंदूचे डॉक्टर बाहेरून येतात आणि ते योजनेत काम करत नाहीत. "म्हंजे देऊळ हाय, पर देव न्हाई," द्वारकाबाई म्हणाली. मुलीला हसू आवरेना, पण हसण्यानं गाठ निघत नाही. तिसऱ्या ठिकाणी नंबर लावा म्हणाले, दिवाळीनंतर बघू. होळीचं दुखणं आणि दिवाळीचा नंबर!

त्या तिसऱ्या दवाखान्यासमोर चहाची टपरी होती. बाई बाकड्यावर बसली. तळपायाची आग मस्तकात गेलेली, डोळ्यात पाणी आलेलं, पण ते तिनं चहात फुंकून घालवलं. समोरून एक माणूस आला. डोकं सफाचट, कानापासून कानापर्यंत टाक्यांची ताजी रेघ. त्यानं अर्धा चहा मागितला. द्वारकाबाई त्या टाक्यांकडे बघत राहिली. टाके सारख्या अंतराचे, हात बसलेल्या माणसाचे. आणि मग तिनं स्वतःच्याच मांडीवर चापट मारली.

"आगं बया! तीन दवाखाने झाले, मी आडत्यालाच भाव विचारून राह्यले!"

तो माणूस दचकला. बाई सरकून त्याच्याजवळ गेली. "दादा, राग मानू नका. कोण्या डॉक्टरनं केलं? कार्डावर केलं का रोखीनं?"

त्यानं रोखीनं केलं होतं. पण विचारायची जागा सापडली. द्वारकाबाई एका धर्मशाळेत राहिली आणि तीन दिवस तिनं औरंगाबादच्या औषधगल्ल्या, टपऱ्या आणि बसस्टँड पालथं घातलं. डोक्याला पट्टी दिसली की ही हजर. एकीनं तिला भिकारीण समजून नाणं पुढं केलं. बाईनं ते तिच्याच मुठीत दाबलं. "पैसा नगं माय, नाव पाह्यजे." एका धोतरवाल्यानं विचारलं, "तू कोण, सरकारी बाई हाय का?" ही म्हणाली, "सरकारी असते तर खुर्चीत बसून राह्यले नसते का?"

दुसऱ्या दिवशी भोकरदनकडचा कचरू म्हणून गडी भेटला. टोपीखाली पट्टी. "पिवळ्या कार्डावर झालं, मावशी. आष्टीकर डॉक्टर. पण त्या बोर्डवाल्यांच्यात जाऊ नका. टेसनाच्या पलीकडं धर्मादाय दवाखाना हाय, बारका."

"यादीत त्यो मेंदूच्या रकान्यात न्हाई."

"यादी जुनी हाय. हार्टच्या रकान्यात असंल बघा. मेंदूचं आत्ता दोन वर्सांखाली सुरू झालं."

दुपारी एका म्हातारीनं तेच नाव घेतलं. तिसऱ्या दिवशी एका मास्तरणीनं. तीन तोंडं, एक भाव. बाई उठली, लुगड्याचा पदर खोचला आणि स्टेशनच्या पलीकडं निघाली.

डॉ. आष्टीकर पन्नाशीचे, बुटके, चपलेतच फिरणारे. त्यांनी पाकिटातला फोटो काढला आणि खिडकीच्या उजेडावर धरला. द्वारकाबाई बघतच राहिली. "डॉक्टरसायब, आमीबी पोतं असंच बघतो. भोक कुठंय ते."

डॉक्टर वळले. "तुम्ही बारदाना शिवता? मग ऐका मावशी. यात भोक नाही. भोक मला पाडावं लागेल, आतली गाठ काढावी लागेल आणि परत शिवावं लागेल. शिवण कशी असावी ते तुम्ही तपासा."

"कार्डावर?"

"कार्डावरच. सरकार आम्हाला पैसे उशिरा देतं, ते ट्रस्टचं दुखणं, तुमचं नाही. पिवळं कार्ड आणा, तहसीलचा दाखला आणा, जालन्याच्या सिव्हिल सर्जनची सही आणा. होळीआधीचा शुक्रवार मी तुमच्यासाठी ठेवतो. पण कागद नसतील तर तो शुक्रवार दुसऱ्याचा. बाहेर रांग बघताय ना?"

डॉक्टर सापडला. आता कार्ड.

मंठा तहसीलमध्ये नायब तहसीलदारांनी सत्त्याण्णवचा सर्व्हेचा कागद काढला आणि मोठ्यानं वाचला. "टेबल पंखा एक. लोखंडी खुर्च्या चार. दिवसातून तीन वेळा जेवण, पाहुणे आल्यास चार." कचेरीतले कारकून खोखो हसले. द्वारकाबाई हसली नाही. साहेब म्हणाले, "फेरचौकशी होईल. तलाठी घर बघून पंचनामा करेल. पण खाली पंचाची सही आहे. त्या पंचानं लेखी दिलं पाहिजे की या वस्तू घरच्या नव्हत्या. आणि ज्याच्या होत्या त्यानंही." शुक्रवारला तेरा दिवस राहिले होते.

तिनं घरी येऊन सांगितलं तेव्हा रखमाजी भिंतीला टेकून बसले होते. उजव्या डोळ्यापुढं आता धुकं यायला लागलं होतं.

"म्हंजे मी व्याह्याच्या दारात जाऊन म्हणू, का म्या तुमाला फशिवलं?"

"पंख्यापुरतं."

"पोरीला सासरी काय ऐकावं लागंल? मला जमणार न्हाई. डोळे गेले तर जाऊ दे. आंधळे काय जगत न्हाईत?"

"जगतेत की," द्वारकाबाई म्हणाली. "पण मंग ज्या व्याह्याचं तोंड राखून राह्यलात, ते तोंड बघसाल कशानं?"

रखमाजी सकाळी आपणहून टोपी शोधू लागले. टोपी डाव्या हाताला होती, त्यांना दिसत नव्हती. बाईनं दिली नाही. शोधू दिली.

वडीगोद्रीला पुंजारामच्या ओसरीवर चहा आला. बेबीनंदानं कप बापाच्या डाव्या बाजूला ठेवला. रखमाजींनी हात पुढं केला तो कपाच्या वीतभर पलीकडं गेला, मग कपावरच पडला, आणि चहा सगळा धोतरावर. लेक घाबरून पुढं आली. त्यांनी तिला हातानं थांबवलं.

"व्याही, बसा. एक सांगायचंय. त्या दिवशी आमच्यात जो पंखा फिरून राह्यल्ता, तो माझा नव्हता."

पुंजारामनं आपला कप खाली ठेवला.

"खुर्च्याबी नव्हत्या."

मग पुंजारामच्या मिशा हलल्या. "व्याही, मी चौथी शिकेल हाय. तुमच्या खुर्चीच्या पाठीवर लाल रंगात लिवलं होतं, गिरधारीलाल नवलकिशोर, मंठा. मी ते वाचतच बसलो होतो तासभर."

"मंग सही कामून केली?"

"तुमची अब्रू म्हणून! सोयरीक करायला आल्तो का झडती घ्यायला? आन मी म्हणलं, शेठ माणूस ज्याला दुकानातला पंखा उतरून देतो त्याची पत चांगली असंल. मी पत बघून पोरगी केली." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आन मी ते जाकीट घालून आल्तो ना? आमच्या सरपंचाचं होतं."

आतून उषाबाईचा आवाज आला. "आन चप्पल कोणाची होती, तेबी सांगा!"

पाच वर्षांत पहिल्यांदा दोन्ही व्याही एकमेकांसमोर खरं खरं हसले. रखमाजींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुंजारामनं तहसीलमध्ये लिहून दिलं. गिरधारीलाल तर लेखी देऊन थांबलाच नाही, हमालाच्या डोक्यावर ती खुर्ची घेऊनच कचेरीत आला आणि साहेबांसमोर उलटी करून ठेवली. "वाचो साब. बराबर पढ़ो. मेरे पंखे ने इसका राशन खाया, अब आँख भी खाएगा क्या?" साहेबांनी वाचलं. तलाठ्यानं घर बघितलं. पंखा नाही, खुर्ची नाही, एक बल्ब आणि पोत्यांचं अंथरूण. मग तीन दिवस सही करणाराच रजेवर. द्वारकाबाई कचेरीच्या पायरीवर दाभण-सुतळी घेऊन बसली आणि तिथंच पोती शिवू लागली. धूळ आत जायला लागली. चौथ्या दिवशी कार्ड झालं, पाचव्या दिवशी जालन्याची सही. शुक्रवारच्या आदल्या दुपारी रखमाजी आष्टीकर डॉक्टरांच्या दवाखान्यात दाखल.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते दुपार कलल्यावर संपलं. डॉक्टर बाहेर आले, घामेजलेले. "गाठ सगळी निघाली. उजवा वाचला. डाव्याचं आता सांगता येत नाही."

पाचव्या दिवशी पट्टी बदलताना डॉक्टरांनी द्वारकाबाईला बोलावलं. "तपासा." तिनं टाक्यांवरून नुसती नजर फिरवली, हात लावला नाही. "बारीक हाय," ती म्हणाली. "मोंढ्यात चालंल."

डॉक्टरांनी रखमाजींचा उजवा डोळा झाकला. तेवढ्यात लाइट गेली आणि डोक्यावरचा पंखा हळूहळू थांबला. धर्मादाय दवाखान्याची तऱ्हा तुम्हाला माहीत आहे, पात्यावरसुद्धा दान देणाऱ्याचं नाव. दुसरीपर्यंत शाळा पाहिलेले रखमाजी डाव्या डोळ्यानं वर बघत राहिले. ओठ हलायला लागले.

"प्रे... म... बाई... यां... च्या..."

वॉर्डातली माणसं उठून बसली.

"...स्मरणार्थ." रखमाजींनी खाली बघितलं, बायकोकडं. "आगं, ह्यो पंखाबी दुसऱ्याचाच निघाला की!"

आता रखमाजी पोती वाहत नाहीत, डॉक्टरांनी मना केलं. गिरधारीलालच्या गोदामात थप्प्या लावून घेतात. लावणाऱ्यांना फार शिव्या खाव्या लागतात, कारण इंचभर वाकडं झालं तरी या माणसाला दिसतं. आणि द्वारकाबाई फाटकाशीच बसते. पण आता तिच्याकडं तुरीचा भाव विचारणारे कमी आणि दुसरंच विचारणारे जास्त. "मावशी, मणक्याचं कार्डावर कोण करतं?" "पोराच्या डोक्यात पाणी झालंय, कुठं नेऊ?" परतूर, सेलू, पार लोणारकडून माणसं येतात. सुट्टीला आली की बेबीनंदा शंभर पानी वहीत लिहून ठेवते: डॉक्टरचं नाव, गाव, वार, आणि सांगणाऱ्या तीन माणसांची नावं. तीन तोंडं झाल्याशिवाय बाई वहीत नाव चढवू देत नाही.

वहीत अजून बरीच पानं कोरी आहेत. बोर्ड लावणारे बोर्ड लावतील, यादी करणारे जुनी यादी नव्या भिंतीवर डकवतील. खरा भाव फक्त माल विकून बाहेर पडलेल्याला माहीत असतो, आणि तो बाहेर पडला की गावाकडची गाडी धरून गप्प बसतो. तुम्ही तसं करू नका. तुमचं, तुमच्या बापाचं, शेजाऱ्याचं कुणाचंही असं ऑपरेशन पिवळ्या कार्डावर झालं असेल, तर एक पोस्टकार्ड घ्या आणि त्यावर डॉक्टरचं नाव, गाव आणि वार लिहून द्वारकाबाई रखमाजी, बारदान्याची ओळ, मोंढा, मंठा, जिल्हा जालना या पत्त्यावर आजच टाका.